मी दिव्यानीच्या मोबाईलचा टेकू

मी बांबूचा आहे. तीन पायांचा, बसलेल्या माणसाच्या हनुवटीइतका उंच. मोबाईल उभा धरून ठेवणं एवढंच माझं काम. दुकानात अशा वस्तूला स्टँड म्हणतात, पण ज्यानं मला घडवलं त्यानं टेकू म्हटलं आणि तेच नाव पडलं. आज मी बोलणार आहे, कारण मोबाईलच्या पुढचं जग सगळ्यांना ठाऊक झालंय, मागचं मात्र मीच पाहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वभावानं संशयी आहे. कुरखेड्याच्या पुढच्या जंगलात, नाल्याच्या काठी बांबूच्या एका बेटात मी वाढलो. तिथं येणारा माणूस आधी बोटानं ठोकून पाही, शेंड्यापर्यंत नजर फिरवी आणि काही न बोलता निघून जाई. पुन्हा येई तेव्हा त्याच्या हातात कोयता असे. म्हणून कोणी फार निरखून पाहू लागलं, की अजूनही मला वाटतं, याच्या मनात काय आहे?

ग्रामसभेची बांबूतोड झाली तेव्हा सरळसोट भावंडं ट्रकमध्ये चढली. मी थोडा वाकडा, म्हणून मागे राहिलो. सोमाजींनी मला कुंपणासाठी उचललं. सोमाजी म्हणजे धानाची थोडी शेती असलेला, मोजकं बोलणारा माणूस. रिकामा वेळ मिळाला की सुपं-टोपल्या विणायचा. कुंपणात माझी पाळी यायच्या आधी त्यांची लेक दिव्यानी म्हणाली, "बाबा, मोबाईल उभा राह्यला पाह्यजे असं कायतरी करून द्या ना. भिंतीले टेकवला का घसरून पडते."

सोमाजींनी मला चिरलं, तासलं, विस्तवावर शेकून पाय वाकवले आणि डोक्यावर मोबाईल बसेल अशी खाच केली. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "याच्यात पाहून तू कोणासंगं बोलणार आहेस?"

"ज्याले काम करून पाह्यजे त्याच्यासंगं."

"तो कुठी आहे?"

"ते मलेच नाई माहीत, बाबा."

 या कामाबद्दलचा माझा संशय तिथूनच सुरू झाला.

दिव्यानी कुरखेड्याला बी. कॉम. झाली, मग काही वर्षं नागपुरात एका शिकवणीवाल्या बाईंच्या ऑफिसात होती. आई आशाबाई पाय घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि दिव्यानी गावी परतली. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी तिचं काम सुरू ठेवलं. पालकांच्या निरोपांना उत्तरं देणं, वेळापत्रक लावणं, पावत्या पाठवणं, सुट्ट्या कळवणं. सगळं इथून, ओसरीवर बसून. याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. सोमाजींना तिनं समजावलं होतं, "सायबाच्या दाराबाहेर मदतनीस बसते ना, तशीच मी. फक्त दार नागपुरात आहे अन् मी इथी." मग बाईंनी शिकवणीच बंद केली. दार गेलं. आता नवी दारं शोधायची, तर आधी आपण कुणाला तरी दिसायला हवं. म्हणून नेटवर टाकायचे व्हिडिओ, आणि म्हणून मी.

मोबाईलची काच तिच्याकडे असे आणि पाठ माझ्याकडे. तो माझ्या डोक्यावर असताना आत काय दिसतं ते मला कधीच कळलं नाही. मी पाहिला तो तिचा चेहरा. त्यामुळे ती खरं बोलतेय की नाही हे मला फार लवकर कळायला लागलं.

सुरुवातीला ती खरं बोलत नव्हती. मातीची भिंत आणि धान साठवायची ढोली दिसू नये म्हणून तिनं आशाबाईची निळी साडी पडद्यासारखी टांगली. वरून इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातली विटकी सलवार, कारण खालचं दिसत नाही. मग घसा साफ करून म्हणे, "नमस्कार, आमच्या टीमतर्फे आपलं स्वागत." टीम कसली? घरात ती, आई, बाप आणि दारात दोन शेळ्या. मोठमोठ्या शहरातल्या मुली जसं हात हलवत, शब्दाशब्दाला इंग्रजी घालत बोलतात, तसं ती बोलायची. खाटेवरून आशाबाई ऐकत असे. एकदा तिनं विचारलं, "दिव्या, तू कोणाच्या गळ्यातून बोलून राह्यली?"

त्या दिवशी केलेला व्हिडिओ दिव्यानीनं पाठवलाच नाही.

काम मागायला कोणी आलं नाही. फोन आले, पण भलतेच. एक गोड आवाजाचा माणूस तिची फार तारीफ करत होता. काम काय ते सांगेना. "आधी तुमचा एक चांगला फोटो पाठवा, मग बोलू," म्हणाला. दिव्यानीनं फोन कापला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता ही मला चुलीत घालणार. तिनं मला फक्त गोठ्याच्या आढ्यावर ठेवलं. तिथं मी पावसाळाभर पडून होतो. कोळ्यानं माझ्या खाचेत घर केलं.

दिवाळीच्या आसपास तिनं मला खाली काढून पुसलं. या वेळी ती वेगळं बोलली. हात हलवले नाहीत, टीम म्हटलं नाही. "शिकवणी चालवणाऱ्याले सकाळी किती निरोप येतात आणि त्याच्यातला महत्त्वाचा कसा हरवते, ते मी पाह्यलं आहे," असं म्हणून तिनं ते निरोप वेगळे कसे करायचे, ठरावीक प्रश्नांची उत्तरं आधीच कशी लिहून ठेवायची, हे साधं सांगितलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग दवाखान्यातल्या पेशंटच्या वेळा कशा लावायच्या ते. मग घरगुती मसाले विकणाऱ्या बायांनी ऑर्डर कशी लिहून घ्यावी ते. लोक विचारत, ती प्रत्येकाला उत्तर देई. काम मागत नसे. दुसऱ्या लोकांच्या पानावर कोणी अडला असेल तर तिथंही जाऊन सांगून येई. हळूहळू बघणारे वाढले. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता ठीक चाललंय.

फक्त निळी साडी तशीच होती. आशाबाई म्हणाली, "आता तरी काढ तो पडदा." दिव्यानी म्हणाली, "माय, जंगलातलं घर पाह्यलं का लोक म्हणतीन, इथी लाईट नाई, नेट नाई, हे काय काम करन?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. व्हिडिओ पाठवायला तिला गावाबाहेरच्या टेकाडावर जावं लागे, कारण घरात नेट कधी येई, कधी जाई. ती चाले आणि मी तिच्या खांद्यावर.

ते गावाच्या नजरेत भरलं. आमच्या भागात कोण कुणाला काय सांगतो, काय दाखवतो, याची लोकांना जुनी धास्ती आहे; खबऱ्या म्हणून बोट दाखवलं गेलं की जिवावर बेतायचं. गावातले मोठे झिंगूकाका एकदा वाटेतच उभे राहिले. मोहफुलं वेचायची टोपली डोक्यावर, डोळे माझ्यावर.

"पोरी, हे काठीवर लावून कोणाले काय दाखवून राह्यली?"

"माह्यं तोंड, काका. दुसरं काई नाई."

"तुह्यं तोंड पाहून कोण पैसे देते?"

या प्रश्नाचा अर्थ दिव्यानीला कळला. मलाही कळला. ती खाली मान घालून पुढे गेली. त्यानंतर विहिरीवर बाया ती आली की बोलायच्या थांबत.

आणि एका दुपारी आमच्या अंगणात एक मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याला कपड्यांची पिशवी, पायावर रस्त्याची धूळ. मुलचेऱ्याकडून निघालेली, चामोर्शीला गाडी बदललेली, पुढे विचारत विचारत आलेली. तिच्यामागे रस्ता दाखवायला म्हणून अर्धं गाव.

"दिव्यानी मॅडम? मी प्रिया. प्रिया मंडल. तुमी बोलल्या कामावर घेतलं. मग फोन बंद. सासू नको म्हणत होती, तरी मी दुकानातलं काम सोडून दिलं, मॅडम. आता तुमी सांगा, काम कुठं आहे?"

दिव्यानी उभीच राहिली. "मी तुले कधी फोन नाई केला."

प्रियानं मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. "याच्याखाली कुणी तरी लिहिलं होतं, ही कुरखेड्याकडची दिव्यानी." मी दाराशीच होतो. आवाज ऐकला. कोणी तरी बाई हिंदीत सांगत होती, घरबसल्या पक्की नोकरी, आजच नाव नोंदवा, कागदपत्रं पाठवा, थोडी फी भरा. तो आवाज दिव्यानीचा नव्हता. पण दिव्यानीनं काचेत पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. चेहरा तिचाच होता. निळ्या साडीपुढे बसलेली, ओठ हलवणारी ती. कुणी तरी तिचा व्हिडिओ उचलून त्याच्यावर दुसऱ्या बाईचा आवाज चढवला होता.

आशाबाई काठी टेकत दारात आली. "हा आवाज माह्या पोरीचा नाई."

"आई तर असंच बोलणार," प्रिया म्हणाली.

मागे कुजबुज झाली. झिंगूकाका गर्दीतून पुढे आले. त्यांनी दिव्यानीला काही विचारलं नाही. सोमाजींकडे पाहून म्हणाले, "म्या म्हणत होतो ना, भाऊ." सोमाजींची मान तेवढी कधी खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

दिव्यानीनं आपला मूळ व्हिडिओ काढून प्रियाच्या मोबाईलशेजारी धरला. तीच साडी, तोच कुर्ता, हात उचलायची तीच तऱ्हा. एकातून तिचा आवाज, दुसऱ्यातून परका. प्रियानं दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "आवाज तुमचा नसेल, दिदी. पण तोंड तर तुमचंच आहे ना. मी तोंड पाहून विश्वास ठेवला."



आशाबाईनं तिला पाणी दिलं. प्रियानं गडवा हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. आशाबाईच्या लक्षात आलं. तिनं तो परत घेतला, स्वतः दोन घोट प्यायली आणि पुन्हा पुढे केला. तेव्हा प्रिया प्यायली.

सोमाजी, दिव्यानी आणि प्रिया तिघं कुरखेड्याला ठाण्यात गेले. तक्रार लिहून घेतली गेली. गाडी चुकल्यामुळे प्रिया आमच्याकडेच राहिली. सकाळी उठून पाहते तर दिव्यानीनं निळी साडी फाडल्यासारखी ओढून काढली होती आणि मोबाईल हातात घेऊन बसली होती.

"काय करता, दिदी?"

"सगळं पुसून टाकते. एक व्हिडिओ ठेवत नाई. दिसली म्हणून तर हे झालं."

प्रिया चुलीजवळ बसली होती. तिच्या आवाजात अजून राग होता, दया मुळीच नव्हती. "पुसा. मग तुमचं खरं तोंड कुठंच नाई राहणार. त्याचं खोटं तेवढं राहील. उद्या माझ्यासारखी दुसरी येईल, तिला दाखवायला तुमच्याकडे काय आहे?"

दिव्यानीचं बोट थांबलं. मी इतकी माणसं ऐकली, पण जिला सगळ्यात जास्त फसवलं गेलं तिनंच सगळ्यात नेमकं सांगितलं.

तासाभरात दिव्यानीनं मला अंगणाच्या मधोमध उभं केलं. मागे मातीची भिंत, ढोली, शेळ्या, कौलांवर वाळत घातलेला मोह. प्रिया म्हणाली, "माझं तोंड नको," म्हणून ती बाजूला बसली. कामावर जाणारे लोक थांबले. झिंगूकाका तर दिव्यानीच्या बरोबर मागे, कुंपणाशी उभे होते.

"काका, तुमी दिसून राह्यले. बाजूले व्हा," दिव्यानी म्हणाली.

"मी दिसतो? कोण पाह्यन मले?"

"कोणीबी पाह्यन. ते माह्या हातात नाई."

काकांनी कधी फोटो काढू दिला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले, बेटात माणसं बघत तसे. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा नीट केला आणि तिथंच उभे राहिले.

दिव्यानी बोलली. आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. हे माझं घर, हे माझे शेजारी. नेट कधी जातं तेही सांगितलं आणि गेलं तर मी टेकाडावर जाऊन काम पुरं करते हेही. "मी कोणाला नोकरी देत नाही. फी घेत नाही. कोणाचे कागद मागत नाही. माझ्या तोंडावर दुसऱ्याचा आवाज ऐकला, तर तो खोटा आहे." शेवटी ती अडखळली. तेवढ्यात प्रिया उठली, ओढणी सारखी केली आणि येऊन तिच्या शेजारी बसली. "मी प्रिया. मी त्या खोट्या व्हिडिओनं फसली. हिला धरायला आली होती," एवढंच म्हणाली.

तो व्हिडिओ खूप पसरला, असं मी ऐकलं. दिव्यानी मोठ्यानं वाचून दाखवायची. कोणी लिहिलं, ही पण नवी चाल असेल. कोणी लिहिलं, जंगलातल्या घराचं नाटक छान आहे. फसलेल्या आणखी काही मुलींनी लिहिलं. लोकांनी तक्रारी केल्या तसा खोटा व्हिडिओ उतरवला गेला. तो बनवणारा कोण, ते मात्र आजवर कळलं नाही. प्रियाची फी गेली ती गेलीच, आणि दुकानातली जागाही दुसरीला मिळाली होती.

मग एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. आवाज ठसठशीत, घाई असलेला. "मी पुनम बोलून राह्यली, चंद्रपूरवरून. शाळेचे ड्रेस शिवायचं काम आहे माझं. तुझे व्हिडिओ मी दिवाळीपासून पाहाते. कधी काही लिहिलं नाही, कारण मले भरवसा नव्हता. आताही नाही. फोन फिरव बरं. घर दाखव."

दिव्यानीनं मोबाईल माझ्या डोक्यावरून उचलला. ढोली दाखवली, खाट दाखवली, आशाबाई दाखवली, मलाही दाखवलं. मग मोबाईल पुन्हा माझ्या खाचेत बसवला आणि शांतपणे म्हणाली, "पुनमताई, आता तुमचं दाखवा."

 मला वाटलं, गेलं हे काम. दिव्यानीचा चेहरा मात्र हलला नाही. मग शिलाई मशीनची खडखड ऐकू आली, जवळ जवळ येत गेली, आणि त्या आवाजावरून पुनमताई ओरडून म्हणाल्या, "हे पाह्य. ह्या माझ्या बाया, हे कापड. अन् हा ऑर्डरचा गोंधळ, जो मले आवरत नाही. दिसलं का?"

"दिसलं," दिव्यानी म्हणाली. ती हसली. किती तरी दिवसांनी तिचं हसू मला समोरून बघायला मिळालं.

पुनमताईंनी लगेच सगळं सोपवलं नाही. आधी एका शाळेच्या ऑर्डरी दिल्या आणि रोज फोन करून खोदून खोदून विचारलं. दिव्यानीही प्रत्येक गोष्ट लिहून मागायची. दोघी एकमेकींवर बारीक लक्ष ठेवून होत्या. शाळा सुरू व्हायच्या आत ड्रेस पोचले, तेव्हा पुनमताईंनी सगळं काम दिलं, आणि त्यांच्या ओळखीच्या एका दंतवैद्य बाईंनीही दिलं. काम वाढलं तसं दिव्यानीनं प्रियाला फोन केला. "या वेळी मीच बोलून राह्यली. पाह्यजे तर फोन फिरवून दाखवते," म्हणाली. प्रिया म्हणाली, "दाखवा." दिव्यानीनं दाखवलं. आता ऑर्डरींचा अर्धा भार प्रिया तिच्या घरून उचलते.

सोमाजींनी लेकीसाठी सागवानाचा नवा टेकू केला. काम समजून घ्यायला आलेल्या प्रियाबरोबर मी मुलचेऱ्याच्या बाजूला आलो. माझा एक पाय भुंग्यानं पोखरलाय. हलवला की पिवळा भुगा पडतो, म्हणून प्रियानं त्याला सुतळी गुंडाळलीय. तिची सासू माझ्याकडे तिरप्या नजरेनं पाहते. काल प्रिया पहिल्यांदा स्वतः माझ्यापुढे बसली. पडदा लावला नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि आपण काय काम करतो ते निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत सांगितलं. नजर सरळ होती.

माझे फार दिवस उरले नाहीत. तो पाय मोडला की मी चुलीत जाईन, त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्या हातातल्या काचेत कधी तरी प्रिया किंवा दिव्यानी दिसेल. चेहरा पाहून लगेच विश्वास ठेवा असं मी कसं म्हणू? ठेवू नका. विचारा. घर दाखव म्हणा, गाव विचारा, काम पारखून घ्या. ती सगळं दाखवेल. आणि मग तिनं उलट विचारलं, "आता तुमचं दाखवा," तर फोन ठेवू नका.